पाण्याला धरून ठेवणारे जाळे

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

खरवसाची वडी ताटलीत ठेवली की थरथरते. तिला घन म्हणावे तर बोट सहज रुतते आणि द्रव म्हणावे तर ताटली तिरपी केली तरी ती वाहत नाही. कुरडयांसाठी शिजवलेला गव्हाचा चीक पातेल्यात राहून गार झाला, की तोही असाच थिजतो. सब्जाचे बी पाण्यात टाकले की थोड्याच वेळात त्याच्याभोवती पारदर्शक, बुळबुळीत गोळा तयार होतो. आपल्या स्वयंपाकघरातले हे तीन पदार्थ चवीने आणि रूपाने वेगवेगळे असले, तरी रसायनशास्त्रात तिघांनाही एकच नाव आहे, जेल. लांबलचक रेणूंचे एक बारीक जाळे आणि त्या जाळ्यात अडकलेले भरपूर पाणी, असा हा सगळा कारभार असतो. जाळे वजनाला किरकोळ आणि पाणी मात्र पुष्कळ. तरीही पाण्याला धरून ठेवण्याचे काम ते किरकोळ जाळेच करते.

मी आयुष्यभर रसायनशास्त्र शिकवले. जेल हा पाठ्यपुस्तकातला दोन पानांचा विषय. पण त्या दोन पानांमागे साडेतीनशे वर्षांचा इतिहास आहे आणि त्याच्या शेवटी एक प्रश्न उभा आहे, जो आपल्या दारातल्या कचऱ्याच्या बादलीपर्यंत आणि शेताच्या बांधापर्यंत येऊन पोहोचला आहे. आज त्याविषयीच बोलायचे आहे.

आपल्याकडे दुकानात 'चायना ग्रास' या नावाने पांढऱ्या, कुरकुरीत पट्ट्या मिळतात. दुधात उकळून त्याची वडी करतात. नाव चीनचे, पण ही वस्तू वाळवण्याची कला जपानची. 'आगर-आगर' हे तिचे दुसरे नाव मलय भाषेतले. ती निघते समुद्रातल्या तांबड्या शेवाळापासून. शेवाळ उकळून त्याची जेली खाण्याची पद्धत जपानमध्ये जुनी होती. मात्र ती टिकत नसे. अशी गोष्ट सांगतात की, १६५८च्या सुमारास क्योटोजवळच्या फुशिमी येथील मिनो तारोझाएमोन नावाच्या खाणावळवाल्याने उरलेली जेली थंडीच्या दिवसांत बाहेर टाकून दिली. रात्री ती गोठली, दिवसा वितळली आणि काही दिवसांनी तिथे पांढरा, हलका, सुका पदार्थ उरला. तो पाण्यात उकळला तर पुन्हा जेली तयार! गोष्टीत तिखटमीठ किती हे सोडून देऊ. पण त्यातले शास्त्र खरे आहे. पाणी गोठताना त्याचे स्फटिक होतात आणि ते जाळ्याच्या बाहेर पडते. वितळताना ते पाणी आपल्याबरोबर रंग आणि क्षार घेऊन निथळून जाते. मागे राहते ते जवळजवळ शुद्ध जाळे. इंधन न जाळता, केवळ हिवाळ्याच्या मदतीने चाललेला हा उद्योग होता. जपानी भाषेत या पदार्थाला 'कांतेन' म्हणतात. त्या नावातच थंडी आहे.

हा पदार्थ स्वयंपाकघरातून प्रयोगशाळेत गेला तोही एका गृहिणीमुळे. जर्मनीत रॉबर्ट कॉख हे जंतूंचा अभ्यास करत होते. एकेका जातीचा जंतू वेगळा वाढवायचा तर त्याला घट्ट पृष्ठभाग हवा. त्यासाठी जिलेटिन वापरत. पण जिलेटिन हे प्राणिजन्य प्रथिन. आपल्या शरीराएवढ्या उष्णतेला, म्हणजे ३७ अंशांना, ते पातळ होते आणि कित्येक जंतू तर ते चक्क पचवून टाकतात. कॉख यांच्या प्रयोगशाळेत वॉल्टर हेसे नावाचे डॉक्टर काम करत. त्यांची पत्नी फॅनी अँजेलिना हेसे मूळची न्यूयॉर्कची. पतीच्या कामात ती मदत करी, जंतूंची चित्रे काढी. हे १८८१ साल. उन्हाळ्यात जिलेटिन वितळून प्रयोग फसू लागले, तेव्हा तिने आगर वापरून पाहायला सांगितले. तिच्या जेल्या आणि पुडिंगे उन्हाळ्यातही घट्ट राहत. जावा बेटावर राहून आलेल्या एका डच कुटुंबाकडून तिच्या घरी ही पद्धत आली होती.

आगरचा गुण असा की, ते वितळायला सुमारे ८५ अंश उष्णता लागते, पण वितळलेले आगर पुन्हा थिजते ते ४० अंशांच्या खाली आल्यावर. त्याच्या रेणूंच्या लडी दोन-दोन मिळून पिळल्या जातात आणि त्या पिळांच्या जुड्या बांधल्या जातात. बांधायला थोडी थंडी पुरते, सोडवायला मात्र भरपूर उष्णता लागते. शिवाय फारच थोडे जंतू ते पचवू शकतात. १८८२मध्ये कॉख यांनी क्षयाच्या जंतूचा शोध जाहीर केला. त्या निबंधात आगरचा उल्लेख आहे, पण फॅनी हेसे यांचे नाव नाही. आज जगभरच्या तपासणी प्रयोगशाळांत जंतू वाढवायच्या ज्या काचेच्या किंवा प्लॅस्टिकच्या बशा दिसतात, त्यात हेच आगर असते.

यातून एक परावलंबनही आले. आगर पुरवणारा मुख्य देश जपान. दुसऱ्या महायुद्धात जपान शत्रुपक्षात गेला आणि दोस्त राष्ट्रांच्या प्रयोगशाळांचे आगर बंद झाले. मग ब्रिटनपासून न्यूझीलंडपर्यंत लोक आपापल्या किनाऱ्यावर कामाचे शेवाळ शोधू लागले. युद्ध संपले तरी प्रश्न संपला नाही. पुढे मोरोक्को हा प्रयोगशाळांच्या आगरासाठी लागणाऱ्या शेवाळाचा मोठा पुरवठादार झाला. तिथे अति तोड झाल्यामुळे काढणीवर मर्यादा घालावी लागली आणि २०१५मध्ये जगभर प्रयोगशाळांना आगरची टंचाई जाणवली. 'नैसर्गिक' म्हणजे आपोआप 'टिकाऊ' असे नाही, हा धडा इथे मिळतो. कारण समुद्रातले शेवाळही ओरबाडले तर संपते.

भारतात तमिळनाडूच्या मंडपम परिसरात शेवाळ गोळा करणाऱ्या कोळी स्त्रिया पिढ्यान्‌पिढ्या आहेत. १९५४मध्ये भावनगर येथे सुरू झालेल्या केंद्रीय मीठ व सागरी रसायन संशोधन संस्थेने शेवाळाच्या लागवडीवर मोठे काम केले. 'कॅपाफायकस' नावाचे शेवाळ बांबूच्या तराफ्यांवर वाढवायचे, ताजेपणी त्याचा रस काढून तो पिकांसाठी वापरायचा आणि उरलेल्या चोथ्यातून 'कॅराजिनन' हे जेल करणारे द्रव्य काढायचे, अशी पद्धत तिथे विकसित झाली. एकाच मालाचे दोन उपयोग, वाया काही नाही. पण हे शेवाळ मूळचे आपल्या किनाऱ्यावरचे नव्हे. मन्नारच्या आखातातल्या कुरुसडई बेटाजवळ ते प्रवाळांवर पसरल्याचे शास्त्रज्ञांना आढळले. तेव्हा कोणते शेवाळ, कुठे आणि किती, हा विचार इथेही सुटत नाही.

आता थोडे मागे जाऊ. जेल म्हणजे नेमके काय, याचा शास्त्रीय विचार सुरू झाला तो १८६१मध्ये. थॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने पदार्थांचे दोन गट केले. मीठ-साखरेसारखे पदार्थ कातडीच्या पडद्यातून झरझर पार होतात, डिंक-सरसासारखे अडकून राहतात. दुसऱ्या गटाला त्याने ग्रीक भाषेतल्या सरसाच्या शब्दावरून 'कोलॉइड' हे नाव दिले. हे अडकतात का, याचे उत्तर मिळायला साठ वर्षे लागली. १९२०मध्ये हेर्मान श्टाउडिंगर यांनी मांडले की, हे रेणूच मुळी साखळीसारखे प्रचंड लांब असतात. नंतर १९४०च्या दशकात अमेरिकेत पॉल फ्लोरी यांनी हिशेब मांडला. या साखळ्या एकमेकींना ठिकठिकाणी जोडल्या की जाळे होते. पाणी आत शिरून जाळ्याला फुगवू पाहते, जाळे ताणले गेले की आखडू पाहते. या दोन ओढींचा जिथे तह होतो, तेवढेच जेल फुगते. गाठी कमी असतील तर जास्त फुगते, पण लिबलिबीत होते. गाठी जास्त असतील तर घट्ट होते, पण पाणी कमी धरते. म्हणजे किती गाठी मारायच्या हे ठरवले, की हवे तसे जेल 'विणता' येईल. इथून पुढे जेल ही सापडण्याची वस्तू राहिली नाही, घडवण्याची झाली.

ती घडवली गेली एका अनपेक्षित ठिकाणी. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात पिओरिया येथे सरकारी कृषी प्रयोगशाळा आहे. १९३८च्या कायद्यानुसार शेतमालाच्या अतिरिक्त उत्पादनाला नवे उपयोग शोधण्यासाठी ज्या चार प्रयोगशाळा निघाल्या, त्यांतली ही एक. युद्धकाळात पेनिसिलिनचे उत्पादन वाढवण्याची युक्ती सापडली तीही इथेच. १९७०च्या दशकात इथल्या शास्त्रज्ञांनी मक्याच्या स्टार्चवर ॲक्रिलोनायट्राइल या रसायनाच्या साखळ्यांचे कलम केले आणि ते अल्कलीत शिजवले. वाळवून मिळालेली भुकटी स्वतःच्या वजनाच्या शेकडो पट शुद्ध पाणी शोषून जेल होऊ लागली. तिला त्यांनी 'सुपर स्लर्पर' असे गमतीदार नाव दिले. सब्जाचे बी जे करते तेच, पण कितीतरी मोठ्या प्रमाणावर!

शेतमालाला उठाव मिळावा, बियाणे आणि माती ओली राहावी, हा मूळ हेतू. पण बाजाराने वेगळीच वाट धरली. जपानमध्ये १९७८पासून अशी भुकटी सॅनिटरी पॅडमध्ये जाऊ लागली आणि १९८०च्या दशकात बाळांच्या डायपरमध्ये. मोठ्या कारखान्यांनी हळूहळू स्टार्च वगळला आणि खनिज तेलापासून मिळणाऱ्या ॲक्रिलिक आम्लाचे निखळ कृत्रिम जाळे वापरायला सुरुवात केली. ते स्वस्त पडते, प्रत्येक खेपेला सारखेच निघते, साठवणीत खराब होत नाही आणि बाळ बसले तरी त्या दाबाने पाणी सोडत नाही. ज्या मक्यासाठी शोध लागला, तोच मका बाजूला पडला.

या भुकटीचा एक सोपा प्रयोग मी वर्गात अनेक वर्षे करत आलो. कोऱ्या डायपरमधली भुकटी झटकून पेल्यात घ्यायची आणि साधे पाणी ओतायचे. पाहता पाहता पाणी थिजते, पेला उपडा केला तरी थेंब पडत नाही. मुले टाळ्या वाजवतात. मग वरून चमचाभर मीठ टाकून ढवळायचे. जाळे आक्रसते आणि पाणी सुटते. कारण असे की, या जाळ्यावर विद्युतभार असतो. त्याच्यामुळे आतले पाणी आयनांनी दाट असते आणि बाहेरचे पाणी आत खेचले जाते. बाहेरच्या पाण्यातच मीठ असेल तर ती ओढ मंदावते. म्हणूनच शुद्ध पाणी शेकडो पट शोषणारी भुकटी खारट पाणी त्या मानाने फारच थोडे शोषते.

प्रयोग झाला की आमच्या शाळेचे शिपाईमामा दारातून बजावत, "सर, ते बेसिनमध्ये ओतू नका, नळी तुंबेल." एकदा पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "मग सर, हे टाकायचे कुठे?" प्रयोगवहीत या प्रश्नाला रकाना नव्हता. आणि खरे सांगायचे तर जगभरच्या उद्योगानेही तो आखलेला नव्हता.

कारण हे कृत्रिम जाळे कार्बन-कार्बन बंधांच्या कण्यावर उभे असते. मातीतले जंतू स्टार्च खातात, सेल्युलोज खातात, पण हा कणा त्यांना सहजी तोडता येत नाही. वापर काही तासांचा, आणि मुक्काम मात्र दीर्घ काळाचा. त्याचा भार कोणावर पडतो? तो कचरा हाताने वेगळा करणाऱ्यांवर. पुण्यात कचरावेचकांच्या 'स्वच्छ' या सहकारी संस्थेने हा प्रश्न सातत्याने मांडला. वापरलेले पॅड आणि डायपर वर्तमानपत्रात गुंडाळून त्यावर लाल ठिपका काढा, म्हणजे ते उघडून पाहण्याची वेळ आमच्यावर येणार नाही, अशी त्यांची 'लाल ठिपका' मोहीम २०१७ची. केंद्राच्या २०१६च्या घनकचरा नियमांनीही अशा वस्तूंसोबत विल्हेवाटीसाठी पाकिटे देण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली. पण ठिपका आणि पाकीट हे गुंडाळण्याचे उपाय झाले. आतले जाळे तसेच राहते.

आता शेतीकडे येऊ, कारण महाराष्ट्राचा या इतिहासाशी खरा संबंध तिथे आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत १९८०च्या दशकात 'जलशक्ती' नावाचा अतिशोषक पदार्थ तयार झाला. तोही स्टार्चच्या आधारावर घडवलेला. दुष्काळाचे चटके सोसलेल्या या राज्यात त्या नावाने आशा जागवली यात नवल नाही. त्याच प्रयोगशाळेत डॉ. रघुनाथ माशेलकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पुढे 'हुशार' जेलांवर मूलभूत संशोधन केले. कापलेले दोन तुकडे धातूच्या आयनांच्या मदतीने पुन्हा सांधणारे जेल त्यांच्या कामात आहे. दिल्लीच्या भारतीय कृषी संशोधन संस्थेने नंतर सेल्युलोजच्या पायावर 'पूसा हायड्रोजेल' काढले. ते स्वतःच्या वजनाच्या किमान ३५० पट पाणी धरते आणि हेक्टरी अडीच ते पाच किलो पुरते, असे ती संस्था सांगते. उष्ण मातीतही काम करावे, हा त्याच्या रचनेमागचा विचार.

या पदार्थांविषयी दोन गोष्टी स्पष्ट सांगायला हव्यात. पहिली, जेल पाणी निर्माण करत नाही. आलेला पाऊस किंवा दिलेले पाणी ते मुळांजवळ थोडे जास्त दिवस धरून ठेवते. दोन पाळ्यांमधले अंतर वाढवण्याचे, रोप जगवण्याचे काम ते करू शकते. पाऊसच नसेल तर त्याचाही नाइलाज आहे. दुसरी, स्टार्चवर किंवा सेल्युलोजवर कलम केलेल्या जेलमध्ये जंतू स्टार्च-सेल्युलोजचा भाग खातात, पण कलम केलेल्या कृत्रिम साखळ्या मागे उरू शकतात. तेव्हा 'स्टार्चपासून बनवलेले' या शब्दांनी लगेच समाधान मानू नये. युरोपीय संघाने २०१९च्या खतविषयक कायद्यात मातीत पाणी धरण्यासाठी वापरायच्या बहुवारिकांना जैवविघटनाचा निकष घातला, तो याच कारणाने.

मग पुढची वाट कोणती? गेल्या दोन-अडीच दशकांत काही आश्वासक पावले पडली आहेत. नैसर्गिक जेल दुबळे असते, म्हणून उद्योग त्याला नाकारतो, ही जुनी तक्रार. जपानच्या होक्काइदो विद्यापीठात जियान पिंग गोंग यांनी २००३मध्ये दुहेरी जाळ्याचे जेल दाखवले. एक जाळे ताठ आणि ठिसूळ, दुसरे सैल आणि चिवट. ताण आला की पहिले जाळे आतल्या आत ठिकठिकाणी तुटते आणि ताण पचवते, दुसरे सगळ्याला धरून ठेवते. बहुतांश पाणीच असलेला हा पदार्थ विलक्षण चिवट निघाला. २०१०मध्ये टोकियोच्या ताकुझो आयदा यांच्या गटाने पाण्यात थोडी चिकणमाती आणि अगदी नाममात्र सेंद्रिय पदार्थ मिसळून, हातात धरता येईल आणि आकार देता येईल असे जेल केले. त्यात जवळजवळ सगळे पाणीच होते. बळकटी द्यायला जास्त प्लॅस्टिक लागत नाही, रचना नीट लागते, हे यातून दिसले. आणि रचनेत जोड असे निवडता येतात, की जे काम संपल्यावर मिठाने, उष्णतेने किंवा जंतूंनी सुटतील. आगरची जुडी उष्णतेने सुटते. निसर्गाने ही सोय आधीपासूनच ठेवलेली आहे.

म्हणजे जेल 'घडवताना' आता तीन हिशेब एकत्र मांडावे लागतात. कच्चा माल कुठून येतो आणि तो तिथे पुन्हा उगवतो का? वापरात ते किती काळ आणि किती भार पेलते? आणि काम झाल्यावर त्याच्या गाठी कोण सोडवणार, किती दिवसांत? पहिल्या महायुद्धानंतरच्या शतकभरात रसायनशास्त्राने दुसऱ्या प्रश्नावर कमालीची बुद्धी खर्च केली. पहिल्या आणि तिसऱ्या प्रश्नाकडे लक्ष गेले ते अगदी अलीकडे.

आपल्यापैकी जे शेतकरी आहेत, त्यांना एक साधी गोष्ट सुचवतो. मातीत घालण्यासाठी जेल विकत घ्यायचे असेल, तर आधी चिमूटभर भुकटी पावसाच्या पाण्यात आणि तेवढीच आपल्या विहिरीच्या पाण्यात टाकून पाहा. पेले शेजारी ठेवा आणि तासाभराने फुगवटा ताडून बघा. विहिरीचे पाणी क्षारट असेल तर फरक डोळ्यांना दिसेल, आणि पिशवीवर छापलेला आकडा आपल्या रानात कितपत खरा ठरेल, याचा अंदाज येईल. मग विक्रेत्याला विचारा, याचा कणा कशाचा आहे आणि तो मातीत किती वर्षांत संपतो? उत्तर लेखी मागा. वर्गातल्या त्या मुलीने विचारला होता तोच हा प्रश्न आहे, आणि आता तो विचारण्याचा अधिकार गिऱ्हाइकाचा आहे.